संगणकाचा तगादा

घेणेकऱ्याचा तगादा ज्याच्या दारीं कधींच आला नाहीं असा गृहस्थ विरळा; आणि ज्याच्या दारीं तो आला त्यास त्या तगाद्याचें खरें दुःख कशांत असतें हें सांगावयास नको. रक्कम थोडी असते, देण्याची इच्छाहि असते, परंतु पाहुण्यांची पंगत बसलेली असतांना कोणी दाराशीं येऊन “आज देतां कीं उद्यां?” असें मोठ्यानें विचारूं लागला म्हणजे मनुष्याच्या मनांत देणें फेडण्याचा विचार न येतां त्या इसमास कसें घालवून द्यावें हाच विचार प्रथम येतो. अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून याच जातीचा एक नवा घेणेकरी येऊन बसला आहे, आणि तो बाहेरचा नसून घरांतीलच आहे. तो म्हणजे टेबलावरील संगणक.

नात प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरीत असते, मुलगा पुण्याच्या कचेरीचें काम घरून करीत असतो, सूनबाई वीजबिलाचा भरणा करीत असतात. इतक्यांत पडद्याच्या कोपऱ्यांत एक चौकट हळूच वर येते. नवीन दुरुस्त्या आल्या आहेत, त्या पुऱ्या बसण्यासाठीं संगणक बंद करून पुन्हां सुरू केला पाहिजे, असा तिचा मजकूर. खालीं दोन-तीन बटणें असतात. एक म्हणतें ‘आतांच’, दुसरें म्हणतें ‘वेळ सांगा’, तिसरें म्हणतें ‘थोड्या वेळानें पुन्हां आठवण करतों’. ‘नको’ असें म्हणणारें बटण मात्र शोधूनहि सांपडत नाहीं.

जळगांव व धुळें या दोन्ही गांवीं आमच्या परिचयाच्या घरांतून यासंबंधीं आम्हांस वारंवार विचारणा होते, म्हणून हा लेखनप्रपंच. आमचा जन्म ‘रामः रामौ रामाः’ घोकून घेण्यांत गेला. संगणकाची तोंडओळख झाली ती, आमच्या पिढीच्या अनेकांप्रमाणें, इ. स. २००१ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ वर्गांत, नातवंडांच्या वयाच्या मुलांच्या पंक्तीस बसून. पण व्याकरण शिकविणाऱ्यास एक संवय लागते, ती म्हणजे नियम कां केला हें समजल्याशिवाय पुढें न जाण्याची. आणि या तगाद्याच्या बाबतींत तीच उपयोगीं पडते.

तगादा आजचा नव्हे. इ. स. २००१ मध्यें निघालेल्या ‘विंडोज एक्सपी’च्या काळीं ‘नंतर’ हें बटण दाबलें कीं दहा मिनिटांनीं तीच चौकट पुन्हां हजर होत असे. इ. स. २००९ च्या ‘विंडोज ७’ मध्यें दहा मिनिटें, एक तास किंवा चार तास अशी मुदत मागून घेण्याची सवलत मिळाली. इ. स. २०१५ च्या ‘विंडोज १०’ पासून घेणेकऱ्याचा स्वभाव पालटला. तो बोलतो कमी. परंतु बराच काळ दुर्लक्ष केलें तर स्वतःच रात्रीं-अपरात्रीं उठून यंत्र बंद-चालू करून मोकळा होतो.

यंत्रास पुन्हां सुरू होण्याचा एवढा हट्ट कां? संगणकांतील मूळ आज्ञावली हा एक प्रचंड ग्रंथच आहे, आणि ग्रंथ म्हटला कीं त्यांत चुका आल्याच. पुस्तक छापून झाल्यावर शेवटीं शुद्धिपत्र जोडण्याची चाल सर्वांस परिचित आहे. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनानें वार्तिकें रचलीं तीं तरी कशासाठीं? सूत्रकारानें काय सांगितलें, काय सांगावयाचें राहिलें आणि काय सदोष सांगितलें, याचा विचार करण्यासाठींच. ‘अपडेट’ हें संगणकाचें वार्तिक होय. फरक इतकाच कीं, पाणिनीच्या सूत्रांतील उणीव हेरून कोणी आमच्या घरांत चोरी करूं शकत नव्हता. आज्ञावलींतील उणीव हेरून तसें करणारे लोक आज जगभर टपून बसले आहेत.

आतां हें शुद्धिपत्र ग्रंथांत लावावयाचें केव्हां? जात्यावर दळण चालू असतांना त्यास टाकी लावतां येत नाहीं. दळण थांबवून वरचा दगड उचलून बाजूस ठेवावा लागतो, तेव्हांच पाथरवटाचा हात आंत पोंचतो. संगणकाचेंहि तसेंच. यंत्र चालू असतांना मूळ आज्ञावलीच्या शेंकडों फायली सतत उपयोगांत असतात, आणि उपयोगांत असलेल्या फायलीस विंडोज कुलूप घालून ठेवितें. नव्या फायली तयार होऊन शेजारीं वाट पाहत राहतात. जुन्या काढून त्यांच्या जागीं नव्या बसविण्याचें काम यंत्र बंद होतांना व पुन्हां सुरू होतांना, दळण थांबलेलें असतें तेव्हां, उरकलें जातें. ‘लिनक्स’ नांवाच्या दुसऱ्या पद्धतींत चालू फायल बदलतां येते खरी. परंतु स्मरणांत चढलेली जुनी प्रत तशीच काम करीत राहते, म्हणून गाभ्याचीच दुरुस्ती असली म्हणजे तेथेंहि बहुधा यंत्र पुन्हां सुरू करावेंच लागतें. सारांश, तगाद्याची चौकट दिसते त्या वेळीं शुद्धिपत्र घरीं आलेलें असतें, पण पुस्तकांत लागलेलें नसतें. आणि तें लागेपर्यंत मूळची चूक जशीच्या तशी असते.

हीं शुद्धिपत्रें येण्याचा दिवस ठरलेला आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. इ. स. २००३ च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्ट कंपनी सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं प्रसिद्ध करीत आली आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हां सकाळचे दहा वाजलेले असतात. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि तिकडील हिवाळ्यांत साडेअकरा. म्हणजे आपल्या घरीं त्या पोंचतात बुधवारीं. एकादशी-चतुर्थीप्रमाणें हा बुधवार दिनदर्शिकेवर खूण करून ठेवण्याजोगा आहे. मात्र खूण करतांना ‘दुसरा बुधवार’ असें धरूं नये, ‘दुसऱ्या मंगळवारानंतरचा बुधवार’ असें धरावें; महिना बुधवारीं सुरू झाला तर तो तिसरा बुधवार भरतो. मध्येंच एखादी तांतडीची दुरुस्ती येते, ती गोष्ट निराळी.

आतां तगाद्याचें मूळ पाहूं. दिवसां तुम्ही काम करीत असतां म्हणून यंत्र थांबतें, आणि रात्रीं आपण होऊन बंद-चालू होण्याचा बेत करतें. पण आपल्या घरांतून रात्रीं काय होतें? निजण्यापूर्वीं वडील मंडळी घरभर फिरून गॅस, देवघरांतील निरांजन, दाराची कडी पाहतात, आणि त्याबरोबर भिंतीवरील बटणेंहि बंद करतात. संवय चांगली आहे, ती सोडा असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. परंतु तिच्यामुळें यंत्रास रात्र मिळतच नाहीं, आणि दिवसां त्यास मुभा नसते. ज्यास दिवस नाहीं आणि रात्रहि नाहीं त्यानें तगादा लावूं नये तर काय करावें?

“पण आम्ही तर रोज रात्रीं संगणक बंद करतों आणि सकाळीं सुरू करतों. मग तें पुन्हां सुरू करणें झालें नाहीं का?” असा प्रश्न जळगांवच्या एका गृहिणीनें आम्हांस विचारला. प्रश्न मोठा मार्मिक आहे. इ. स. २०१२ च्या ‘विंडोज ८’ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नांवाची एक युक्ति आली. तिच्या योगानें ‘शट डाऊन’ करतांना यंत्र आपल्या गाभ्याची स्थिति डिस्कवर उतरवून ठेवतें आणि सकाळीं तीच उचलून लौकर उभें राहतें. ती झोंप झाली, नवा जन्म नव्हे. गाभा नव्यानें उभा राहतो तो ‘रीस्टार्ट’ केल्यानेंच. म्हणून दुरुस्ती वाट पाहत असली म्हणजे नेहमींच्या पर्यायांच्या शेजारीं ‘अपडेट अँड शट डाऊन’ व ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ असे दोन निराळे पर्याय दिसूं लागतात. ते डावलून साधें ‘शट डाऊन’ दाबणें किंवा भिंतीवरील बटण ओढणें म्हणजे घेणेकऱ्यास उद्यां या असें सांगणें होय, आणि उद्यां तो येतोच.

धुळ्यांत आमचे एक वयोवृद्ध स्नेही आहेत. त्यांस सर्व अण्णा म्हणतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं इ. स. १९२६ च्या अखेरीस ज्या गांवीं देह ठेविला, आणि ज्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ जेथें जुनीं दप्तरें जतन करीत आलें आहे, त्या गांवच्या हवेंतच जुन्या कागदांचें प्रेम असावें. अण्णांच्या घरीं त्यांच्या आजोबांची मोडी लिपींतील रोजनिशी आहे. ती बाळबोधींत उतरविण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें होतें. एके रात्रीं चार-पांच तास बसून त्यांनीं अठरा पानें उतरविलीं, आणि सकाळीं एकदां नजर फिरवून मग सांठवूं अशा हिशेबानें फायल तशीच उघडी ठेवून ते निजले. त्या लेखन-आज्ञावलींत आपोआप प्रत ठेवण्याची सोय नव्हती. यंत्रास आठवडाभर ‘नंतर, नंतर’ असें सांगून झालें होतें. पहांटे त्यानें आपला बेत साधला. सकाळीं पडद्यावर अठरांपैकीं एकहि पान नव्हतें. मोडी कागद शाबूत होता हें खरें, पण सत्तरी उलटलेल्या डोळ्यांनीं एकेक फराटा लावून वाचलेलें तें सारें पुन्हां पहिल्यापासून वाचावयाचें होतें.

अण्णांचा संताप समजण्याजोगा होता. त्यांनीं एका दुरुस्तीवाल्यास बोलाविलें, आणि त्यानें कांहीं तरी खटपट करून अपडेटच कायमची बंद करून टाकली. तगादा थांबला. पुढें दीड वर्षानें आम्ही धुळ्यास गेलों असतां अण्णांनीं ही हकीकत मोठ्या समाधानानें सांगितली. आम्हीं दुरुस्त्यांची नोंद उघडून पाहिली, तों शेवटची तारीख दीड वर्षापूर्वींची! आणि त्याच यंत्रावरून अण्णांचें निवृत्तिवेतन, दोन्ही मुलांचीं बँकेंतील खातीं आणि एका देवस्थानाचा जमाखर्च असा सर्व व्यवहार चालत होता.

“मास्तर,” अण्णा म्हणाले, “मोठ्या मुष्किलीनें त्याचें तोंड बंद केलें आहे. आतां पुन्हां त्यास बोलतें करूं नका.”

तगादा थांबविणें आणि दुरुस्ती थांबविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि लोकांची गल्लत होते ती येथेंच. घेणेकरी गप्प बसला म्हणजे कर्ज फिटलें असें होत नाहीं. या दुरुस्तीवाल्यांच्या युक्त्या फार जुन्या आहेत. एक्सपीच्या दिवसांत अपडेटची सेवा एका आज्ञेनें तात्पुरती थांबविली कीं पुढच्या वेळीं यंत्र सुरू होईपर्यंत चौकट येत नसे. दुरुस्ती मात्र आधींच आंत येऊन बसलेली असे, म्हणून त्यांत फारसें बिघडत नसे. आजच्या विंडोजमध्यें ती सेवा थांबविली तर तिला पुन्हां उभी करणारी दुसरी सेवा पाठीशीं असते. म्हणून हे लोक मुळावरच घाव घालतात, आणि मग नवीन दुरुस्ती आंत येतच नाहीं.

त्यानें काय घडतें याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. इ. स. २०१७ च्या १४ मार्च रोजीं विंडोजमधील एका गंभीर उणिवेचें शुद्धिपत्र प्रसिद्ध झालें. त्यानंतर ५९ दिवसांनीं, १२ मे रोजीं, तीच उणीव हेरून ‘वॉनाक्राय’ नांवाची खंडणीखोर आज्ञावली दीडशेंहून अधिक देशांत पसरली. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांस रोगी परत पाठवावे लागले. जगास धडा मिळाला असें वाटलें. परंतु २७ जून रोजीं ‘नॉटपेट्या’ ही दुसरी आज्ञावली निघाली, आणि तिच्या तडाख्यांत डेन्मार्कची ‘मर्स्क’ ही जहाज कंपनी सांपडली. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एक टर्मिनल याच उद्योगसमूहाकडे होतें. तेथील संगणक बंद पडून कंटेनरांची चढउतार ठप्प झाली आणि बंदराबाहेर मालमोटारी अडकून पडल्या. मर्स्कच्या अध्यक्षांनीं पुढील जानेवारींत दाव्होस येथें सांगितलें कीं, कंपनीस दहा दिवसांत ४५ हजार संगणक व ४ हजार सर्व्हर नव्यानें उभे करावे लागले.

न्यायाची गोष्ट म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ‘नॉटपेट्या’ पसरण्याची वाट एकच नव्हती. मार्चचें शुद्धिपत्र न लावलेलीं यंत्रें ही एक. आणि एका यंत्रांतून चोरलेल्या परवलीच्या शब्दांनीं दुसऱ्यांत शिरणें ही दुसरी. शिवाय तिचा मूळ प्रवेश झाला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अपडेटमधूनच! तेव्हां अपडेट म्हणजे सर्व रोगांवर मात्रा, असें आमचें म्हणणें नाहीं. पण मोकळें असलेलें दार आपल्या हातीं असतांना तरी लावून घ्यावें.

आम्हीं अण्णांस हें सर्व सांगितलें. ते ऐकून घेत होते, पण मान हलत नव्हती. शेवटीं त्यांच्या सूनबाईच पुढें आल्या. “नळाला पाणी येण्याचा दिवस ठरलेला असतो, म्हणून आम्ही रोज हंडे मांडून बसत नाहीं. याला तसा दिवस ठरवून देतां येणार नाहीं का?” असें त्यांनीं विचारलें. खानदेशांतील गांवांतून पाण्याच्या पाळीवर संसार चालविणाऱ्या बाईसच हें सुचावें. आम्हीं म्हटलें, येतो. आणि खरा उपाय तोच आहे.

विंडोज ११ मध्यें ‘सेटिंग्ज’ उघडून ‘विंडोज अपडेट’ व त्यांत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या ठिकाणीं जावें. तेथें ‘ॲक्टिव्ह अवर्स’ म्हणून एक ओळ आहे. ही सोय इ. स. २०१६ पासून मिळूं लागली. या तासांत यंत्र आपण होऊन बंद-चालू होत नाहीं. मूळची योजना ‘आपोआप’ अशी असते, म्हणजे तुमच्या वापरावरून यंत्रच अंदाज बांधतें. ती बदलून ‘मॅन्युअली’ करावी आणि तास स्वतः भरावे. जास्तींत जास्त १८ तास मिळतात. पहांटे ६ पासून मध्यरात्रीं १२ पर्यंत धरले तर ते बरोबर १८ होतात, आणि आमच्या पाहण्यांतील बहुतेक मोठ्या घरांचा दिवस त्यांत सामावतो. त्याच पानावर दोन खटके आहेत. यंत्र पुन्हां सुरू करावें लागणार असेल तेव्हां सूचना द्यावी, असें सांगणारा एक. तो पुष्कळ लोक चिडून बंद करतात, पण आमच्या मतें तो चालूच असावा, कारण न सांगतां येणाऱ्यापेक्षां सांगून येणारा पाहुणा केव्हांहि बरा. दुसरा खटका ‘गेट मी अप टु डेट’ या नांवाचा. तो चालू असल्यास ठरविलेल्या तासांतहि यंत्र लगेच बंद-चालू होऊं शकतें. तो बंदच ठेवावा.

एवढें झालें म्हणजे अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें संवयीचें आहे. त्या खुणेच्या बुधवारीं किंवा दुसऱ्या दिवशीं, संध्याकाळचे दिवे लागल्यावर, कोणा एकानें ‘विंडोज अपडेट’चें पान उघडून दुरुस्ती आली आहे का तें पाहावें, सर्वांच्या फायली सांठवून घ्याव्या, आणि जेवावयास उठतांना ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दाबावें. बहुधा ताक-भात होईपर्यंत यंत्र पुन्हां तयार असतें. त्या दिवशीं जमण्याजोगें नसेल तर त्याच पानावर पुन्हां सुरू होण्याचा दिवस व वेळ नेमून देतां येते. महिन्यांतून एकदां हें केलें कीं बहुतेक महिना कोरडा जातो. कारण घेणेंच उरलें नाहीं तर तगादा कशाचा? अण्णांच्या घरीं हें काम सूनबाईंनीं आपल्याकडे घेतलें. अण्णांनींहि एक गोष्ट मान्य केली: दर पानाच्या शेवटीं ‘कंट्रोल’ व ‘एस’ हीं दोन बटणें एकदम दाबून फायल सांठवावयाची. त्यांची रोजनिशी शंभर पानांपलीकडे गेली आहे.

एकत्र कुटुंबाच्या घरीं आणखी एक अडचण असते, ती पुस्तकांत लिहिलेली आढळत नाहीं. संगणक एक आणि वापरणारे सहा. ज्या घरांत प्रत्येकाचें खातें निराळें असतें, तेथें मोठ्या वहिनी आपलें पत्र अर्धवट ठेवून उठतात, धाकटे भावोजी येऊन स्वतःच्या खात्यांत शिरतात, आणि वहिनींचें पत्र मागें तसेंच उघडें राहतें. अशा वेळीं ‘रीस्टार्ट’ दाबलें तर यंत्र विचारतें कीं, दुसरेंहि कोणी हा संगणक वापरीत आहे, आतां पुन्हां सुरू केल्यास त्यांचें न सांठविलेलें काम जाईल, तरी पुढें जावें काय? हा प्रश्न वाचल्याशिवाय ‘होय’ म्हणूं नये. घरांत भांडणें होण्यास याहून लहान कारणें पुरतात. उठतांना ‘साइन आऊट’ करण्याची शिस्त लावली तर हा प्रश्न उद्भवतच नाहीं.

विजेविषयीं दोन शब्द. दुरुस्ती बसत असतांना वीज गेली तर यंत्र बहुधा पुढच्या वेळीं केलेलें काम उलगडून पूर्वस्थितीस येतें. पण नेहमींच येईल असा भरंवसा नाहीं. वैशाखांत जळगांवचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, पंखे-कूलर एकदम सुरू होतात आणि दिवे डोळे मिचकावूं लागतात, त्या घटकेस हें काम काढूं नये. वीज कंपनीच्या देखभालीचा दिवस टाळावा. मांडीवरचा संगणक असल्यास तो भरून घ्यावा व तारहि जोडलेली असावी. टेबलावरचा असल्यास इन्व्हर्टर त्या खोलीस आहे कीं नाहीं तें पाहावें. खेडेगांवीं मोबाइलच्या इंटरनेटवर काम चालत असेल तर त्या जोडणीच्या गुणधर्मांत ‘मीटर्ड’ हा खटका चालू करावा. म्हणजे मोठ्या दुरुस्त्या बहुधा त्या जोडणीवरून उतरत नाहींत आणि दिवसाचा डेटा सकाळींच संपत नाहीं. आठ-पंधरा दिवसांनीं मात्र चांगल्या जोडणीवर नेऊन त्या उतरवून घ्याव्या.

परीक्षेचे दिवस, घरांतील कार्य, हिशेबाची अखेर अशा प्रसंगीं ‘पॉज अपडेट्स’ हा पर्याय आहे. एका आठवड्यापासून पांच आठवड्यांपर्यंत सर्व कांहीं थांबवितां येतें. तें कायमचें नसतें. मुदत संपली कीं सांचलेल्या दुरुस्त्या आधीं घ्याव्या लागतात, मगच पुन्हां थांबवितां येतें. हा नियम आम्हांस फार आवडला. विंडोजच्या ‘प्रो’ आवृत्तींत, कोणी खात्यांत असतांना आपोआप पुन्हां सुरू होऊं नये, अशा स्वरूपाचीं आणखी बंधनें घालतां येतात. घरगुती ‘होम’ आवृत्तींत तो विभाग नसतो, आणि कुटुंबास त्याची गरजहि नाहीं.

आमच्या एका पुतण्याचा आक्षेप असा कीं, दुरुस्तीच कधीं कधीं घात करते. आक्षेप खरा आहे. इ. स. २०२४ च्या १९ जुलै रोजीं ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अपडेटमुळें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज-यंत्रें बंद पडलीं, आणि आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास देण्याची पाळी आली. ती दुरुस्ती विंडोजची नव्हती, पण आक्षेपाचें तत्त्व त्यानें बदलत नाहीं. त्यावर आमचें म्हणणें इतकेंच कीं, शंकेखोर माणसानें चार-आठ दिवस थांबावें. शुद्धिपत्रांतच चूक असली तर तेवढ्या अवधींत बोभाटा होतो. चार-आठ दिवस थांबणें ही सावधगिरी. दीड वर्ष थांबणें हें निराळेंच कांहीं आहे. मोठ्या संस्थांसाठीं ‘हॉटपॅच’ नांवाची सोय इ. स. २०२५ मध्यें विंडोज ११ च्या एंटरप्राइज आवृत्तींत आली असून तीत वर्षांतून बहुधा चारदांच यंत्र पुन्हां सुरू करावें लागतें. घरगुती यंत्रांच्या नशिबीं ती त्या वेळीं आली नाहीं.

तगाद्याच्या आडून भामटेहि येतात, तिकडे वडील मंडळींचें विशेष लक्ष असावें. एखादें संकेतस्थळ पाहत असतां एकाएकीं पडदा भरून लाल अक्षरें येतात, घंटा वाजूं लागते, ‘आपला संगणक जुना झाला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर येतो. खरा तगादा कधींहि फोन करावयास सांगत नाहीं, पैसे मागत नाहीं, आणि परवलीचा शब्द विचारीत नाहीं. संशय आल्यास ती खिडकी मिटवावी आणि स्वतः ‘सेटिंग्ज’मध्यें जाऊन पाहावें, तेथें कांहीं वाट पाहत नसेल तर बाहेरचें सर्व सोंग समजावें. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर वेळ न दवडतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

राहतां राहिलीं तीं जुनीं यंत्रें. ‘विंडोज १०’ ची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचें ठरलें. ज्यांनीं नोंदणी केली नाहीं त्यांच्या घरचा तगादा त्या दिवसापासून आपोआपच थांबला असेल, आणि त्यांपैकीं कित्येकांस आपलें यंत्र सुधारलें असेंहि वाटत असेल. अशा घरांत कोणी तरी एकदां विंडोजच्या खुणेचें बटण व ‘आर’ हीं बरोबर दाबून येणाऱ्या लहानशा चौकटींत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर हीं सहा अक्षरें लिहावीं व एंटर दाबावें. समोर यंत्राची आवृत्ति येईल. ती १० असली, तर यंत्र ११ घेण्याजोगें आहे कीं नाहीं तें जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावें, आणि तोंवर बँकेचा व्यवहार त्या यंत्रावरून करूं नये.